उजव्या सीटचं वजन

१ जानेवारी, सकाळी ९.१०
संकल्प: या वर्षी विमान ठरवायचं.
घरच्या गॅरेजमध्ये, किट आणून, स्वतःच्या हातांनी बांधायचं दोन सीटचं विमान. बांधणं काय, कोणीही बांधतो. कुठलं किट घ्यायचं हे ठरवायला अक्कल लागते. गेली अकरा वर्षं मी हे काम करतो आहे आणि एकदाही घाई केलेली नाही.
नाश्त्याला बाबा म्हणाले, मार्चमध्ये मला अठ्ठ्याऐंशी पूर्ण होतील. एकतीस वर्षं त्यांनी बीटच्या शेतांवर फवारणी करणाऱ्या विमानांची इंजिनं दुरुस्त केली, सगळी दुसऱ्यांची. आता पोराने बांधलेल्या विमानात एकदा बसायचं, एवढीच इच्छा उरली आहे. मी म्हटलं, याच वर्षी. ते म्हणाले, हे 'याच वर्षी' गेल्या वर्षीचं की त्याच्या आधीचं? माझी बायको कॉरिन कॉफी ओतता ओतता हसली. मी मनावर घेत नाही. म्हातारपण आहे.
लॅपटॉपवरच्या तक्त्यात तीन नावं उरली आहेत. बॉबोलिंक: पत्र्याचं, पंख खाली, दोन सीट शेजारी शेजारी. किलडियर: नळ्या आणि कापड, पंख वर, सीट मागे-पुढे. ग्रॅकल: फायबरचं, दिसायला फारच देखणं, पण एकच सीट. ग्रॅकल फक्त तुलनेपुरतं.

३ जानेवारी
'उजव्या सीटचं वजन' असा स्वतंत्र रकाना केला. उजवी सीट बाबांची (किलडियरमध्ये मागची). त्यांना बाथरूममधल्या काट्यावर उभं केलं. बुटांसकट १७१ पौंड. मग मी उभा राहिलो. काटा २६४ दाखवतो, पण तो जुना आहे. २४० धरलं. तिन्ही किटांची सीट २४० पर्यंतच पेलते, तेव्हा हिशोबही सुटसुटीत होतो.
बाबा चष्मा लावून काटा बघत होते. म्हणाले, डाव्या सीटचाही एक रकाना कर. मी समजावलं, डाव्या सीटवर पायलट बसतो, तो गृहीतच असतो.

११ जानेवारी
शनिवार. धावपट्टीवरच्या क्लबात पॅनकेकचा नाश्ता. बाहेर उणे बावीस. सगळ्यांनी विचारलं, ठरलं का. लोकांना माझ्या मताची किंमत आहे. कापड विरुद्ध पत्रा या विषयावर बोलायला लागलो तर शेजारचे दोघे सिरप आणायला उठले आणि दुसऱ्याच टेबलावर बसले. तिथे ऊन होतं.
मार्लिस क्वामी भेटली. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली, आता निवृत्त. सहा वर्षांपासून कोठारात बॉबोलिंक बांधते आहे. पंख झाले, धड झालं, इंजिन बसलं, शेपूटही तयार. मी विचारलं, घेण्याआधी किती किटांशी तुलना केलीस? म्हणाली, एकाशीही नाही, माहितीपत्रकातला पिवळा रंग आवडला.
अशा माणसांमुळे या छंदाचं नाव खराब होतं.

२ फेब्रुवारी
सोळा इंच बर्फ. मार्लिसच्या कोठाराच्या छपराची एक बाजू खाली आली, नेमकी शेपटीवर. पंख आणि धड वाचले. घाईचं फळ. सांत्वनाला गेलो आणि म्हटलं, कापडाचं घेतलं असतंस तर ठिगळ लावून भागलं असतं. तिने माझ्या हातात फावडं दिलं. कंबरेमुळे लवकर निघालो.

९ फेब्रुवारी
इथे एक जुनी गोष्ट नोंदवायला हवी. आमच्या गॅरेजमध्ये बॉबोलिंकच्या शेपटीचा खोका आहे, प्लायवुडचा, शवपेटीएवढा लांब. सात वर्षांपूर्वी मागवला होता. सगळे आधी शेपूटच मागवतात, त्यावर हात बसतो आणि मग पंखांना हात घालतात. मी तो उघडला नाही, कारण उघडला की ठरल्यासारखं झालं असतं. त्याच्यावर लॅपटॉप छान राहतो. उंची अगदी बरोबर.
मार्लिसने तो खोका मागितला. कंपनीकडे आठ महिन्यांची रांग आहे.
बाबा म्हणाले, "देऊन टाक. निदान कुणाच्या तरी मागे उडेल."
शांतपणे विचार केला. घरात एकाच विमानाची शेपूट असली की निवड निःपक्षपाती राहत नाही. विकला. आता मन मोकळं आहे. लॅपटॉप फ्रीझरवर ठेवतो, जरा उंच पडतो.

१५ फेब्रुवारी
पत्र्याला रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन चालवतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा धरून बसतो. मार्लिसने ठोकळा धरायला आधी मला विचारलं. मी तक्त्याचं कारण सांगितलं. बाबा म्हणाले, मी येतो. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी! चार दिवसांत कंटाळतील.

१२ मार्च
कंटाळले नाहीत. रोज सकाळी आठला मार्लिसचा पिकअप दारात उभा राहतो. संध्याकाळी परत येतात तेव्हा बाह्यांत पत्र्याचा कीस असतो, तो गालिच्यावर पडतो. कॉरिन काही बोलत नाही. मी बोललो.
वजन १५८. रात्री जेवत नाहीत, हॉटडिशचे, म्हणजे भट्टीतल्या मांस-बटाट्याचे, दोन घास खातात आणि म्हणतात, तिकडे खाल्लं. मार्लिस म्हणते, तिकडेही खात नाहीत. याचा अर्थ स्पष्ट आहे. उजव्या सीटचा भार कमी करायला बाबा डाएट करत आहेत. न सांगता. इतकी साथ त्यांनी मला कधी दिली नव्हती, खरंच भरून आलं.
तेरा पौंड वाचले म्हणजे सव्वादोन गॅलन जास्त पेट्रोल. किलडियर पुन्हा आघाडीवर.

२७ मार्च
कॉरिन बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेली. मी घरी थांबलो, किलडियरच्या कंपनीचा फोन यायचा होता. (आला नाही.) परत आल्यावर मी विचारलं, तिथल्या काट्यावर किती भरले? १५४. डॉक्टरांचा काटा अचूक असतो, लगेच भरून ठेवलं. कॉरिनने पर्स टेबलावर ठेवली.
मग स्वयंपाकघराचं दार लावून तिने सांगितलं. पोटात आहे. पसरलंय. बाबांनी उपचार नको म्हणून सांगितलं. डॉक्टरांच्या अंदाजाने थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेर.
डॉक्टर सगळ्यांनाच असे महिने सांगतात.
गॅरेजमध्ये जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. खोक्याच्या जागी फरशी जरा वेगळ्या रंगाची दिसते.

२८ मार्च
एका अर्थी बरं झालं. मला डेडलाइन असली की काम सुचतं. एप्रिलमध्ये ऑर्डर. मेमध्ये किट. जून ते सप्टेंबर बांधकाम, रोज अकरा तास. ऑक्टोबरमध्ये बाबा उजव्या सीटवर. तक्ता छापून फ्रीझरवर लावला.

१९ एप्रिल
ऑर्डरचा फॉर्म भरत होतो. शेवटून दुसऱ्या पानावर विचारलंय, नाकाखाली चाक हवं की शेपटीखाली. या प्रश्नाचा मी मुळापासून विचार केलेला नाही हे लक्षात आलं. फॉर्म बाजूला ठेवला. चुकीच्या चाकावर बाबांना बसवणार नाही.

२६ एप्रिल
मार्लिसच्या कोठारात गेलो. बाबा स्टुलावर बसून, खांद्यापर्यंत हात शेपटीत घालून ठोकळा धरत होते. अंगावर माझंच जुनं जाकीट, त्यात दोन बाबा मावतील. मला म्हणाले, ये, धर. तीन रिव्हेट मारले. तिन्ही वाकडे. बाबांनी तिन्ही ड्रिलने काढून टाकले.
मग म्हणाले, "हात चांगले आहेत रे तुझे. डोकंच सारखं मध्ये येतं."
कामाची अशी पावती त्यांच्याकडून पहिल्यांदाच मिळाली. लिहून ठेवतो आहे.

१७ मे
शेपटीचा शेवटचा पत्रा आज बंद झाला. बंद करण्याआधी बांधणारे आतल्या बाजूला काहीतरी लिहितात, सही, तारीख, एखादी ओळ. मग रिव्हेट बसतात आणि ते पुन्हा कुणाला दिसत नाही. मी पोचेपर्यंत बंद झालं होतं. सकाळी एक व्हिडिओ बघत होतो, पाहता पाहता दुसरा लागला.
बाबांना विचारलं, काय लिहिलंत? म्हणाले, जे खरं आहे ते. मार्लिसला विचारलं तर ती ब्रश धुवायला गेली.
माझ्याबद्दलच असणार. अकरा वर्षं बाबांना मी तांत्रिक मार्गदर्शन केलं आहे.

२१ जून
सरकारी इन्स्पेक्टर येऊन गेला. अर्ध्याहून जास्त विमान स्वतः बांधलं हे दाखवायला वही आणि फोटो लागतात. मार्लिसच्या शेवटच्या साठ फोटोंत बाबांचा हात आहे, नाहीतर कान. पास. दुपारी ती उडालीसुद्धा. पिवळा रंग दुरून बरा दिसतो.
पण नियम असा की पहिले चाळीस तास पायलटने एकट्यानेच उडवायचं, शेजारी कुणी नको. बाबांना ही अडचण समजावून सांगितली. ते म्हणाले, माहीत आहे. ते धावपट्टीच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही. तिचे तास लिहीत होते. १.१.
वजन १३७. तक्त्यात भरलं, पण यावेळी पेट्रोलचा हिशोब केला नाही.

२० जुलै
उद्यापासून आठवडाभर मोठ्या हवाई जत्रेला. सगळ्या कंपन्या एका मैदानावर येतात, तिथे अंतिम निर्णय. कॉरिन म्हणाली, या वर्षी नको जाऊस. मी म्हटलं, बाबांसाठीच तर चाललोय. बाबा म्हणाले, जाऊ दे त्याला, इथे असला काय नि तिथे असला काय.
त्यांची परवानगी आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही.

२९ जुलै
परतलो. माहितीपत्रकं दोन पिशव्या भरून. मोठी बातमी: चौथं किट सापडलं. व्हिपरविल. पाण्यावरही उतरतं! आपल्याकडे एवढी तळी असताना हे अकरा वर्षांत डोक्यात कसं आलं नाही? बाबांच्या खाटेवर सगळी पत्रकं पसरून दाखवली. तळ्यावर उतरू, गळ टाकू, मासा धरू. मी बराच वेळ बोलत होतो.
बाबा म्हणाले, "डेल्मर, मला पाण्यावर उतरायचं नाही. मला फक्त वर जायचंय."
त्यांना व्हिपरविल नीट कळलेलं नाही. तक्ता पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतला.

१४ ऑगस्ट
मार्लिस दिवसातून दोनदा उडते. पहाटे आणि जेवणाआधी. एवढी हौस बरी नव्हे. बाबांच्या वहीत २८.६. आता खुर्ची कॉरिन उचलते.

३० ऑगस्ट
वहीत ४०.२.
उद्या सकाळी मार्लिस बाबांना वर नेणार. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. खाटेशी बसून बाबांना समजावलं. इच्छा काय होती? पोराने बांधलेल्या विमानात बसायचं. मग दुसऱ्याच्या विमानात बसून ती वाया का घालवायची? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दम धरा, व्हिपरविल तोवर नक्की.
बाबा म्हणाले, "तुझं पुढच्या उन्हाळ्याचं खरं असेलही रे. माझं उद्या सकाळचं आहे."

३१ ऑगस्ट, दुपारी
गेले. पस्तीस मिनिटं.
बुटाच्या नाड्या बांधायला त्यांना वीस मिनिटं लागली, कुणाला हात लावू दिला नाही. कसलीशी लाकडी पायरी ठेवली होती, तिच्यावरून पंखावर चढले. मार्लिसने पट्टा आवळला. मी तिला दोन गोष्टी सांगायला गेलो, पण इंजिन सुरू झालं.
उतरल्यावर मी विचारलं, उजव्या सीटवरून कसं दिसतं? पंख आड येतो का? पत्र्याला थरथर किती? हे सगळं तक्त्यासाठी महत्त्वाचं. बाबांचे गाल ओले होते, वाऱ्याने असेल. म्हणाले, "दिसलं. सगळं दिसलं." आणि मार्लिसचा हात धरून बसले. माझा नाही.
मला राग आला. तो इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. अकरा वर्षं मी खपलो आणि ती बस चालवणारी बाई पस्तीस मिनिटांत घेऊन गेली.
तांत्रिक नोंद: बाबा फक्त १२१ पौंड होते. एवढ्या हलक्या प्रवाशाला घेऊन कुठलंही विमान चांगलंच उडतं. बॉबोलिंकला याचे गुण देता येणार नाहीत.

२२ सप्टेंबर
पुढच्या खोलीत दवाखान्यातली खाट आली. नर्स रोज येते. मी शेजारी बसून तक्ता वाचून दाखवतो. बाबा डोळे मिटून ऐकतात. कॉरिन म्हणते, त्यांना झोपू दे. पण माझा आवाज ऐकला की त्यांचा श्वास संथ होतो, ते मी बघितलं आहे.

७ ऑक्टोबर
आज दुपारी त्यांनी डोळे उघडले. चेहरा अगदी स्वच्छ होता. विचारलं, "ठरलं?"
मी म्हटलं, "जवळजवळ."
कॉरिन मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, हो म्हणायचं रे, कुठलंही एक नाव घ्यायचं, त्यांना कुठे तपासायचं होतं. पण अजून चाकाचा प्रश्न सुटलेला नाही, आणि बाबांशी खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

९ ऑक्टोबर
बाबा गेले. सकाळी ६.४०.
वजन घेतलं नाही.

१३ ऑक्टोबर
चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं आणि कॉफी. धावपट्टीवरचे सगळे आले. प्रत्येक जण बाबांच्या हातांबद्दल बोलला. मला कुणी विचारलं नाही, ठरलं का. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मी दोघा-तिघांजवळ जाऊन उभाही राहिलो.

२५ ऑक्टोबर
राख डब्यात आली. डब्यासकट साडेसहा पौंड. बाबांनी कॉरिनला सांगून ठेवलं होतं, जुन्या फवारणीच्या पट्टीवरून, बीटच्या शेतांवर टाका. आज हवा स्वच्छ होती. मार्लिस डाव्या सीटवर, उजवीकडे डबा घेऊन मी. पोटचा पोरगा, दुसरं कोण?
मार्लिसने हँगरच्या दारात काटा काढून ठेवला होता. धान्य तोलायचा, मोठा, नवा. म्हणाली, उजवी सीट २४० पेलते, त्यात डबा. मी म्हटलं, मी २४०च. तिने पायाने काटा पुढे सरकवला.
२७१.
मी जाकीट काढलं. बूट काढले. किल्ल्या, पट्टा, पाकीट. २६५. जाडे मोजे तेवढे उरले होते. कॉरिन मागे उभी होती. तिने माझ्या हातातला डबा घेतला आणि पायरीवरून पंखावर चढली.
मी मोज्यांवर धावपट्टीच्या कडेला उभा राहिलो. पिवळं टिंब बीटच्या शेतावर गेलं, एक वळण घेतलं. राख दिसली नाही. एवढ्या लांबून दिसत नाही. थंडी फार होती आणि मला खुर्चीची आठवण झाली.
उतरल्यावर मार्लिसला म्हटलं, आता तरी सांग, शेपटीत काय लिहिलंय. ती चाकांना अडणी लावत होती. वर न बघता म्हणाली, "एवढंच लिहिलंय. 'डेल्मर अजून ठरवतोय.' आणि खाली तारीख."
पेन उमटत नव्हतं म्हणून त्यांनी दोनदा गिरवलं, असंही म्हणाली.

१ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
उजव्या सीटचा रकाना पुसायला बसलो. तो पुसला की ग्रॅकल पुन्हा शर्यतीत येतं, एका सीटचं. ठरवणं सोपं व्हायला हवं. पुसवेना. उलट जानेवारीतला पहिला आकडा परत भरला, १७१, बुटांसकट. मग म्हटलं, खरंच लिहायचं तर सगळंच खरं लिहू. डाव्या सीटचा रकाना केला. डबा वजा करून २६४, जुना काटा म्हणत होता तेच.
चारही विमानं तक्त्यात लाल झाली, म्हणजे सीटच्या मर्यादेबाहेर.
उजव्या सीटवर १७१ ठेवा, १२१ ठेवा, शून्य ठेवा. लालच. बाबांना मी वर्षभर काट्यावर उभं केलं आणि त्यांच्या सीटची कधी अडचणच नव्हती. अकरा वर्षांत कुठलंही किट घेतलं असतं, बांधून झालं असतं, तरी पायलट म्हणून त्यात मी बसू शकलो नसतो. जानेवारीत चष्मा लावून काट्याकडे बघणाऱ्या माणसाला ते कळलं होतं. मेकॅनिक होता. डोकं लावायची गरजच नव्हती त्याला. तरी पोरगा ठरवतोय म्हणून वर्षभर वाट बघितली.
लॅपटॉप फ्रीझरवर फार उंच पडतो, मान दुखते. मार्लिसला फोन केला, शेपटीचा रिकामा खोका असेल तर परत दे. म्हणाली, खोका कुठला आता, तुझ्या बाबांनी मेमध्येच कापला. त्याच्या फळ्यांची पंखावर चढायची पायरी केली. पायरी हवी असेल तर घेऊन जा, मजबूत आहे.
किती पौंड पेलते, विचारलं नाही.